पडद्यापासून आरंभ : आरेखनाच्या संगणकाविषयी

जाहिरातीचा फलक असो की लग्नपत्रिका, दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ असो की औषधाच्या खोक्यावरचे वेष्टन, छापून डोळ्यांसमोर येणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू आज प्रथम संगणकाच्या पडद्यावर आकार घेते. आणि तरीही हा संगणक विकत घेण्याची वेळ आली म्हणजे, एरवी कागदाच्या वजनाविषयी आणि शाईच्या घट्टपणाविषयी तासन्‌तास चिकित्सा करणारा गृहस्थ दुकानदाराने पुढे केलेल्या कोटेशनवर फारसा विचार न करता सही करून मोकळा होतो. प्रस्तुत पुस्तिका अशा गृहस्थासाठी, त्याच्या छापखान्यात बसणाऱ्या डीटीपी ऑपरेटरसाठी, आणि कलामहाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडून घरच्या मर्यादित पुंजीवर स्वतःचा व्यवसाय थाटू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. ज्यांच्या खर्चाला सीमा नाही त्यांचे कोणत्याही यंत्रावर भागेल. पन्नास-साठ हजारांपासून लाखाच्या आतबाहेर ज्यांना सगळा जमाखर्च बसवायचा आहे, त्यांचा एकही रुपया चुकीच्या बाबीवर पडू नये, एवढ्याच हेतूने हे लेखन झाले आहे.

पुढील प्रकरणांत जे विस्ताराने येणार आहे त्याचे सार येथेच सांगून टाकतो. आरेखनाच्या संगणकाचा खर्च पडद्यापासून आरंभावा, तेथून रॅमकडे यावे, आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांची नावे सर्वांत शेवटी उच्चारावीत. बाजाराची रीत याच्या नेमकी उलट आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे असले तरी संगणकाच्या सुट्या भागांसाठी येणारे गिऱ्हाईक त्याला जुन्याच नावाने ओळखते, तेथे कोणत्याही दुकानात ‘ग्राफिक्सच्या कामासाठी मशीन हवे’ असे म्हणून पाहावे. कोटेशनची पहिली ओळ प्रोसेसरची असते, दुसरी मदरबोर्डची, तिसरी ग्राफिक्स कार्डाची. मध्येच काचेच्या बाजूचे, आत रंगीत दिवे लागणारे कॅबिनेट येते. आणि अगदी तळाशी, रक्कम जुळवण्यापुरती उरलेली जागा असावी तसा, कोणता तरी मॉनिटर लिहिलेला असतो. दुकानदाराचा यात कपटभाव असतो असे मी म्हणणार नाही. त्याच्याकडे येणाऱ्या पुष्कळ गिऱ्हाइकांना खेळ खेळायचे असतात, आणि ज्यांना खेळ खेळायचे त्यांना हा क्रम योग्यच आहे. रंगाशी ज्यांची उपजीविका बांधलेली आहे त्यांनी मात्र तो कागद उलटा धरून तळापासून वाचायला हवा.

हा व्यवसाय संगणकावर कसा आला याचा इतिहास थोडक्यात नमूद करणे अवश्य आहे, कारण आजच्या निवडीची कित्येक बंधने त्या इतिहासातून आलेली आहेत. १९८५ साली मॅकिंटॉश संगणक, लेझरराइटर मुद्रक आणि पेजमेकर ही आज्ञावली ही तीन साधने एकत्र आली आणि खिळे जुळवण्याचे काम टेबलावर आले. १९८९ मध्ये कोरेलड्रॉ विंडोजवर अवतरले, १९९० मध्ये फोटोशॉप मॅकिंटॉशवर. महागडी मॅकिंटॉश यंत्रे आपल्याकडे मोठ्या जाहिरातसंस्थांपुरती राहिली, आणि गावोगावच्या छापखान्यांनी स्वस्त विंडोज यंत्रे व त्यांवरचे कोरेलड्रॉ जवळ केले. त्यामुळे फ्लेक्स छापणारा, पत्रिका छापणारा, स्टिकर कापणारा हा सगळा वर्ग आजही कोरेलच्या फाइलीत देवघेव करतो, आणि नवे यंत्र घेताना ‘छापखाना कोणती फाइल स्वीकारतो’ हा प्रश्न पहिल्या भेटीतच विचारून घ्यावा लागतो. साधनाची चिंता आधी आणि उत्पादनाची नंतर, ही रीत आपल्या मुद्रणाला अपरिचित नाही. निर्णयसागर छापखाना उभा करणाऱ्या जावजी दादाजींनी छपाईकडे वळण्यापूर्वी टाइप ओतण्याचा कारखाना काढला होता, आणि त्यांच्या ग्रंथांची ख्याती त्या सुबक, नीटस देवनागरी अक्षरांवर उभी राहिली.

आता पडद्याविषयी. छपाईची सर्वांत जुनी तक्रार, जी प्रत्येक छापखान्याच्या काउंटरवर रोज ऐकू येते, ती अशी की पडद्यावर उजळ दिसणारे काम कागदावर काळवंडले. या तक्रारीचे मूळ पुष्कळदा मशिनमध्ये किंवा शाईत नसून मॉनिटरच्या उजेडात असते. नवा मॉनिटर खोक्यातून निघतो तेव्हा दुकानात उठून दिसावा म्हणून त्याचा प्रकाश बराच चढवलेला असतो. चौरस मीटरला अडीचशे-तीनशे कँडेला हा त्याचा पूर्ण जोर, आणि छपाईचे काम पाहण्यासाठी साधारणतः १२० कँडेला पुरे मानतात. कागद स्वतः प्रकाशत नाही, खोलीतला उजेड परतवून दाखवतो. दुपटीहून अधिक तेजाच्या पडद्यावर पाहून ज्याने छायाचित्राच्या सावल्या ‘पुरेशा उजळ’ ठरवल्या, त्याला कागदावर त्या काळ्या दिसणारच. ही दुरुस्ती फुकट आहे, मॉनिटरच्या बटणांतून दोन मिनिटांत होते, आणि नवा संगणक घेण्याआधी जुन्यावर ती करून पाहावी असा माझा आग्रह आहे.

रंगाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. पडदा लाल, हिरवा व निळा प्रकाश मिसळून रंग घडवतो आणि छपाई निळसर, किरमिजी, पिवळी व काळी या चार शाया एकमेकींवर चढवून; या दोन राज्यांच्या सीमा जुळत नाहीत. पैठणीच्या दुकानाची जाहिरात करताना पडद्यावर घेतलेला तीव्र निळा कागदावर जांभळट होतो आणि झळझळीत पोपटी मलूल पडतो, हे ज्याने एकदा अनुभवले तो पुन्हा पडद्यावर आंधळा विश्वास ठेवत नाही. चांगला मॉनिटर ही तफावत मिटवू शकत नाही, परंतु ती आधी दाखवू शकतो. आणि निकृष्ट मॉनिटर तीत स्वतःची आणखी एक चूक मिळवतो, जिची दुरुस्ती आरेखकाच्या हातात राहत नाही. म्हणून पॅनेल आयपीएस जातीचे असावे आणि एसआरजीबी ही १९९६ साली ठरलेली रंगमर्यादा ते जवळपास पूर्ण व्यापत असावे, या दोन अटींवर तडजोड करू नये. माहितीपत्रकात कित्येकदा ‘एनटीएससी ७२ टक्के’ अशी भाषा असते. ती साधारणतः पूर्ण एसआरजीबीच्या तोलाची समजावी, आणि ४५ टक्के लिहिलेले पॅनेल किती का स्वस्त असेना, रंगकामासाठी वर्ज्य मानावे. जुने टीएन पॅनेल तर मान थोडी खाली-वर केली तरी रंग पालटते. चोवीस इंचांचा, १९२० बाय १०८० पिक्सेलचा आयपीएस मॉनिटर आज दहा हजारांच्या आसपास मिळतो. पैशाची थोडी सवड असेल तर सत्तावीस इंचांचा २५६० बाय १४४० पिक्सेलचा घ्यावा, कारण त्यावर इंचाला ९२ ऐवजी १०९ पिक्सेल बसतात आणि देवनागरीच्या वेलांट्या, रफार, उकार लहान आकारातही स्वच्छ वाचता येतात. सत्तावीस इंचांवर १९२० बाय १०८० मात्र कदापि घेऊ नये. सेकंदाला १४४ वेळा चित्र पालटणाऱ्या मॉनिटरसाठी जादा पैसे मागितले जातात. स्थिर पानाला त्याचा उपयोग नाही.

परीक्षेची रीत सोपी आहे आणि ती दुकानातच पार पाडावी. आपल्या हातून छापून गेलेले एखादे काम, ज्यात माणसाचा चेहरा, गडद लाल आणि फिकट करडा हे तिन्ही असतील, त्याची फाइल पेन ड्राइव्हवर आणि छापील प्रत हातात घेऊन जावे. फाइल पडद्यावर उघडून प्रत शेजारी धरावी, शक्यतो दुकानाच्या दाराजवळच्या उजेडात. मॉनिटरचा प्रकाश उतरवत उतरवत कागदाच्या पांढऱ्याशी पडद्याचा पांढरा जुळवावा. मग चेहऱ्याकडे पाहावे. चेहरा हिरवट किंवा गुलाबी झाला, करड्यात निळी झाक आली, किंवा पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत हळूहळू उतरणाऱ्या पट्ट्यात पायऱ्या दिसू लागल्या, तर दुसरा मॉनिटर मागावा. शेवटी खुर्चीवर बसून, मग उभे राहून, मग दोन पावले बाजूला सरून तोच करडा पाहावा. यंत्राने मोजमाप करण्याची सोय ज्यांना हवी त्यांनी रंगमापक एकट्याने विकत न घेता गावातील तिघाचौघा व्यावसायिकांनी मिळून घ्यावा आणि महिन्यातून एकदा आळीपाळीने वापरावा; एवढ्या कामासाठी तो एकापाशी पडून राहण्यात अर्थ नाही.

पडद्यानंतर रॅम. येथे मोघम सल्ल्यापेक्षा हिशेबच उपयोगी पडतो, कारण किती रॅम लागेल हे कामाच्या आकारावरून काढता येते. ए-४ पान, इंचाला ३०० पिक्सेल, म्हणजे २४८० बाय ३५०८. सुमारे ८७ लाख पिक्सेल. चार शायांना प्रत्येकी एक बाइट धरला तर एका थराला सुमारे ३५ मेगाबाइट. असे वीस थर असले तरी ७०० मेगाबाइटच्या आत भागते. आता दहा फूट बाय वीस फुटांचा फ्लेक्स घ्या. तोच जर कोणी हौसेने ३०० पिक्सेलला उभारला, तर ३६,००० बाय ७२,००० पिक्सेल होतात आणि एकाच थराला दहा गिगाबाइटांहून अधिक जागा लागते. साध्या पीएसडी फाइलीची मर्यादा प्रत्येक बाजूला ३०,००० पिक्सेल असल्यामुळे ती फाइल त्या स्वरूपात जतनसुद्धा होत नाही. हाच फलक इंचाला ७२ पिक्सेलने केला तर थराला सुमारे ६०० मेगाबाइट पुरतात, आणि रस्त्याच्या पलीकडून पाहणाऱ्या डोळ्याला दोहोंतील फरक कळत नाही. एखाद्याने महागडे यंत्र घ्यावे आणि तरी ते अडखळते म्हणून तक्रार करावी, यामागे अनेकदा हा एक चुकीचा आकडाच असतो. प्रत्येक कृती मागे घेता यावी म्हणून आज्ञावली जुन्या अवस्था राखून ठेवते, शेजारी कोरेल उघडे असते, ब्राउझर उघडा असतो. हे सर्व ध्यानात घेता पत्रिका, पुस्तके, मुखपृष्ठे यांसाठी १६ गिगाबाइट रॅम ही किमान मर्यादा आणि मोठ्या फलकांसाठी किंवा छायाचित्रांच्या जड कामासाठी ३२ गिगाबाइट ही योग्य तरतूद, असे मी मानतो.

याच ठिकाणी मदरबोर्डाचा प्रश्न येतो, ज्याकडे गिऱ्हाईक सहसा पाहतच नाही. एच-६१० सारख्या स्वस्त जातीच्या बोर्डावर रॅमच्या खाचा दोनच असतात. त्यांत आठ-आठच्या दोन पट्ट्या बसवल्या की पुढे वाढ करायची तर दोन्ही काढून टाकाव्या लागतात. एकच सोळाची पट्टी घेतली तर एक खाच मोकळी राहते, पण दोन पट्ट्या जोडीने काम करताना मिळणारा वेग तोवर गमवावा लागतो, आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्राला, ज्याचे चित्रांकन याच रॅममधून चालते, तो वेग विशेष जाणवतो. चार खाचांचा बोर्ड थोडा महाग पडतो, परंतु आज दोन पट्ट्या आणि दोन वर्षांनी आणखी दोन असा मार्ग तो खुला ठेवतो. २०२५च्या उत्तरार्धात रॅमचे दर ज्या झपाट्याने चढले ते पाहता, सर्व वाढ आजच करण्याची ऐपत नसलेल्याने निदान वाढीची जागा तरी विकत घेऊन ठेवावी हेच शहाणपणाचे. दरांच्या याच अस्थिरतेमुळे या पुस्तिकेत मी रकमांपेक्षा प्रमाणे दिली आहेत: एकूण खर्चाचा किमान पाचवा, शक्य तर चौथा हिस्सा पडद्यासाठी बाजूला काढून मगच बाकीची यादी लिहायला घ्यावी.

प्रोसेसरविषयी फार लिहिण्यासारखे नाही. कोरेलमध्ये वेलबुट्टीची किनार, तिच्यावर पारदर्शक छटा, खाली पडछाया असे काम करताना किंवा इलस्ट्रेटरमध्ये हजारो बिंदूंची आकृती हलवताना पुष्कळसा भार एकाच गाभ्यावर पडतो. म्हणून सोळा गाभ्यांच्या मोहापेक्षा सहा वेगवान गाभे बरे. इंटेलचा आय-५ १२४०० किंवा एएमडीचा रायझन ५ ५६००जी या तोलाचा प्रोसेसर, जे आता जुने झाले असले तरी पुरेसे समर्थ आहेत, अथवा त्यांच्या पुढच्या पिढीतला समकक्ष, एवढ्यावर थांबावे. एक सावधगिरी मात्र अवश्य घ्यावी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकापुढे ‘एफ’ हे अक्षर असते त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. तो हजार-दोन हजारांनी स्वस्त पडतो, आणि मग निव्वळ पडद्यावर चित्र उमटावे म्हणून कार्ड घेणे भाग पडते. सपाट पृष्ठांच्या कामाला अंगभूत ग्राफिक्स चालते. ब्लेंडरमध्ये त्रिमिती दृश्ये घडवायची असतील, चलच्चित्रांचे संपादन करायचे असेल, तरच कार्डाचा विचार करावा, आणि तेव्हा तो मनापासून करावा, कारण त्या कामात कार्डाची स्वतःची स्मृती अपुरी पडली तर दृश्य एक तर साकारतच नाही किंवा फार रेंगाळते. त्या वर्गासाठी पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे.

साठवणीसाठी एसएसडी हवी याविषयी आता दुमत नाही. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे मेगाबाइट वाचते, साटा जोडणीची एसएसडी साडेपाचशेच्या घरात, आणि एनव्हीएमई जातीची कित्येक हजार. जुन्या, मंद झालेल्या यंत्राला नवजीवन देण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणूनही प्रथम हेच बदलावे. हार्ड डिस्क जुन्या कामांच्या दुसऱ्या प्रतीसाठी ठेवावी, आणि तिसरी प्रत त्या इमारतीबाहेर असावी.

ज्या बाबीवर सर्वांत निर्दय काटकसर होते ती एसएमपीएसची, म्हणजे यंत्राला वीज पुरवणाऱ्या भागाची. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा, नाव नसलेला एसएमपीएस जळताना पुष्कळदा एकटा जळत नाही. तो मदरबोर्डालाही बरोबर नेतो. ८० प्लस ब्राँझ प्रमाणाचा, नामांकित कंपनीचा, साडेचारशे वॅटांच्या आसपासचा एसएमपीएस वेगळा विकत घ्यावा आणि त्याची हमी बिलावर स्वतंत्र लिहून घ्यावी. तालुक्याच्या गावी, जेथे वीज सांगून जात नाही आणि दाब दिवसातून अनेकदा डोलतो, तेथे यूपीएस ही संगणकाच्या किमतीतच धरायची वस्तू आहे. ६०० व्हीएचा यूपीएस काम चालू ठेवण्यासाठी नसतो. फाइल जतन करून यंत्र नीट बंद करण्यापुरती काही मिनिटे तो देतो, आणि तेवढीच हवी असतात. अर्थिंगची खातरजमा वायरमनकडून आधीच करून घ्यावी.

सुटे भाग जुळवून यंत्र उभे करण्याखेरीज आणखी दोन मार्ग उरतात. बँका आणि कंपन्या मुदत संपली म्हणून काढून टाकतात ती डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोव्हो थिंकसेंटर यांसारखी कार्यालयीन यंत्रे दुरुस्त होऊन बाजारात येतात. त्यांची बांधणी भक्कम असते. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या मागच्या प्रोसेसरना, एखाददुसरा अपवाद वगळता, अधिकृतपणे स्वीकारत नाही, सबब त्याहून जुने यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी सोडून द्यावे. ठेंगण्या कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचे कार्ड बसत नाही, तेव्हा मोठे कॅबिनेट शोधावे. आणि ‘पूर्ण सेट’ म्हणून सोबत येणारा मॉनिटर नाकारून तेवढी रक्कम कमी करून घ्यावी. दुसरा मार्ग ॲपलच्या मॅक मिनीचा. २०२४च्या अखेरीस आलेल्या एम-४ आवृत्तीत मूळ किमतीतच १६ गिगाबाइट स्मृती मिळू लागली, भारतात ती ५९,९०० रुपयांना जाहीर झाली, आणि ज्याचे सारे काम ॲडोबीच्या आज्ञावल्यांत चालते त्याच्या हातात एवढ्या पैशांत याहून चपळ यंत्र क्वचितच पडेल. तिची स्मृती मात्र पुढे वाढवता येत नाही. मॉनिटर, कळफलक, माउस वेगळे घ्यावे लागतात.

आज्ञावलीचा खर्च यंत्राच्या खर्चाशेजारी मांडून पाहिल्याशिवाय कोणताही निर्णय पुरा होत नाही. दरमहा भरावे लागणारे शुल्क तीन वर्षांचे मोजले तर कित्येकदा ते यंत्राच्या किमतीच्या जवळ जाते किंवा तिच्यावर चढते. चोरीची प्रत वापरणे हा अनेकांनी पत्करलेला मार्ग आहे, आणि त्याविषयी मी स्पष्ट लिहितो: जो स्वतःच्या आरेखनाचा मोबदला मागतो त्याने दुसऱ्याच्या श्रमाचा मोबदला बुडवणे अनुचित आहे, शिवाय त्या प्रतींबरोबर शिरलेल्या कीटकांनी वर्षांची कामे कुलूपबंद करून खंडणी मागितल्याची उदाहरणे या व्यवसायात सर्वश्रुत आहेत. इंकस्केप, क्रिटा, जिम्प, स्क्रायबस, ब्लेंडर ही सर्व मुक्त आहेत आणि विद्यार्थ्याने त्यांवर आरंभ करण्यात काहीही उणेपणा नाही. इंकस्केप व जिम्प यांचा रंगव्यवहार मुळात पडद्याच्या रंगांचा आहे, हे मात्र लक्षात ठेवावे. स्क्रायबस चार शायांची छपाईयोग्य पीडीएफ उत्तम देते, म्हणून आकृती तेथे आणि पान येथे अशी विभागणी करता येते.

राहता राहिली देवनागरीची बाब, जी इंग्रजीतल्या मार्गदर्शक पुस्तकांत कधीच सापडणार नाही. आपल्या छापखान्यांच्या दफ्तरांत वीस-पंचवीस वर्षांची कामे पेजमेकरमध्ये पडून आहेत, ज्याची शेवटची मुख्य आवृत्ती २००१ सालची आहे आणि ज्याला युनिकोड देवनागरी समजत नाही. ती कामे श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशा संचांच्या जुन्या सांकेतिक टंकांत आहेत. टंक नाहीसा झाला की मजकूर निरर्थक चिन्हांची रांग होतो. कित्येक संचांची हार्डवेअर कुलुपे ज्या जोडणीला लागतात ती जोडणी नव्या मदरबोर्डावर नसते. इनडिझाइनमध्ये जायचे तर परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा लागतो, नाहीतर जोडाक्षरे तुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. म्हणून नवे यंत्र लग्नसराईच्या किंवा दिवाळी अंकांच्या तोंडावर आणू नये. पावसाळ्याच्या सैल दिवसांत आणावे, जुने त्याच्या शेजारी चालू ठेवावे, नेहमी फिरून येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या फाइली एकेक करून उघडाव्यात, त्यांची पीडीएफ करावी, मजकूर युनिकोडमध्ये उतरवून मूळ छापील प्रतीशी शब्दशः रुजवात घालावी, आणि ज्या फाइलींची अशी रुजवात झाली त्यांची यादी पूर्ण होईपर्यंत जुन्या यंत्राला भंगाराचा भाव विचारू नये.